आग्नेयेची खोली

न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय शुभाताई,
सप्रेम नमस्कार.

फोन नको, कानांना त्रास होतो, पत्र लिही, असा तुमचा निरोप अनीशने मेसेजवर पाठवला. खरं सांगू, मी जरा दचकले. सत्यजित गेल्यापासून दर रविवारी सकाळी तुमचा फोन यायचा. जूनपासून तो बंद झाला. माझं काही चुकलं का, हेच आधी मनात आलं. पण पत्र तर पत्र. शेवटचं पत्र मी कधी लिहिलं होतं ते आठवतही नाही.

इथे सप्टेंबरपासून पावसाचा थेंब नाही. हिरवळीला पाणी घालू नका, असं टाउनने सगळ्यांना कळवलंय. मागचं गवत पार वाळलं. परवा सकाळी वरच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर त्या वाळलेल्या गवतात आणखी वाळलेली एक रेघ दिसली. रेघ सरळ जाते, काटकोनात वळते, पुन्हा वळते आणि घराच्या भिंतीला येऊन टेकते. नीट आखलेली एक खोली. मातीखाली दगडी पाया असला की वरचं गवत आधी जळतं, हे मला ऑफिसात कळलं. टाउन हॉलच्या बांधकाम खात्यात मी जुन्या फायली स्कॅन करते हे तुम्हाला माहीत आहेच.

जेवणाच्या खोलीतलं ते दार आठवतं? रंगाने चिकटून बसलेलं, उघडलं तर पायाखाली काहीच नाही, चार फूट खाली एकदम गवत? ही खोली बरोबर त्या दारापासून सुरू होते.

आणि तिच्या दूरच्या कोपऱ्यात आपला वास्तुपुरुष आहे. २०१६ च्या वास्तुशांतीला एडिसनहून आलेल्या गुरुजींनी नकाशा मागितला, तर सत्यजितने टाउन हॉलमधून घराचा मूळ १९१४ चा नकाशा आणला. गुरुजींनी त्याच्यावर आग्नेय कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. याने टेप धरून मोजलं आणि प्रतिमा तिथे पालथी पुरली. नकाशातली ती खोली जमिनीवर नाहीच, हे आठवड्याने लक्षात आलं. तुम्ही किती चिडला होतात. वास्तुपुरुष उघड्यावर आणि तुम्ही सगळे आत, असं म्हणाला होतात. तो म्हणाला, नकाशा बरोबर आहे ताई, घरच चुकलंय.

उर्वी वीकेंडला कॉलेजमधून आली आहे. कपडे वाळत घालायला मी मागे गेले तेव्हा पायरीवरून म्हणाली, "आई, यू आर वॉकिंग अराउंड इट." खरंच. मी रेघेच्या आत पाय ठेवत नव्हते.

सोमवारी आपल्या घराची फाइल काढून बघणार आहे.

तुमची,
शरयू


फ्रिस्को, टेक्सस
२४ ऑक्टोबर २०२४

प्रिय शरयू,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर सवयीने 'चि. सौ.' लिहायला गेले आणि हात थांबला. ते पाकीट फाडून दुसरं घेतलं. म्हणून एक दिवस उशीर.

तुझं काही चुकलेलं नाही. कान म्हातारे झाले, एवढंच. तीस वर्षं नागपुरात धंतोलीच्या शाळेत मुलींचा कलकलाट ऐकल्यावर आणखी काय होणार?

गवत वाळलंय, पाऊस पडला की उगवेल. तू त्या रेघेकडे बघत बसू नकोस. आणि फाइल कशाला काढतेस? शंभर वर्षांपूर्वी कोणी काय बांधायचं ठरवलं आणि काय नाही, त्याचं आपल्याला काय करायचं आहे? जुन्या घरांचं हेच मला आवडत नाही. तिथे राहणारा माणूस कधी एकटा नसतो.

आमच्याकडे बघ. अनीशच्या गल्लीत जूनमध्ये नुसती माती होती, आता अकरा घरं उभी आहेत. भिंतींना अजून कोणाचा आवाज लागलेला नाही. हिमानी म्हणते, मामींना ख्रिसमसला बोलवा, शाळेला सुट्टी आहे, रिया त्यांच्या मागे-मागे फिरेल. ये. घर विकायचं का ते इथे बसून ठरवू.

वास्तुपुरुषाबद्दल मी तेव्हा जे बोलले ते विसर.

शुभाताई


न्यू जर्सी
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय शुभाताई,

फाइल काढली. आता ती बंद करता येत नाही.

वर १९१३ मधलं एक कात्रण आहे, बांधकाम व्यावसायिकांच्या साप्ताहिकातलं. आसपासच्या उपनगरांत कुठे काय बांधायचं ठरलंय, त्याची यादी. आमच्या वस्तीचे तेव्हा नुसते प्लॉट पडले होते, त्यांची जाहिरातही जोडली आहे: मोकळी हवा, भरपूर ऊन, स्टेशन आठ मिनिटांवर. यादीत लॉट एकतीस, म्हणजे आपण. मिस्टर प्रुइट यांच्यासाठी अडीच मजली लाकडी घर, नऊ खोल्या, आणि आग्नेयेला झोपायची पडवी. अशा पडव्या त्या काळी क्षयाच्या रोग्यांसाठी बांधत, डॉक्टर त्यांना बारा महिने उघड्या हवेत झोपवत. ऑगस्ट १९१४ मध्ये पाया तपासून पास केल्याचा शिक्का आहे. त्याखाली नोव्हेंबरमधलं प्रुइटचं पत्र, दोन ओळींचं. पडवी नकाशातून वगळावी. आता तिची गरज उरलेली नाही.

पडवी बहुधा त्याच्या पत्नीसाठी असणार, पण तिचं नाव कुठेच नाही. दार मात्र तोवर बसवून झालेलं असणार.

त्याच्या मागे एक नवा पांढरा कागद होता. एप्रिल २०२१. अर्जदार, सत्यजित. जुन्या पायावर एक खोली बांधण्याचा अर्ज. सोबत त्याच्या हातचा नकाशा, मोजमापांचे आकडे त्याचेच, सातला मधे आडवी रेघ देण्याची त्याची सवयसुद्धा. दार छत्तीस इंच रुंद. न्हाणीला उंबरा नाही. भिंतीत धरायच्या कड्या. दारापासून अंगणापर्यंत उतार.

ताई, स्नायू निकामी करत जाणाऱ्या या आजाराचं त्याने मला सांगितलं ऑक्टोबर २०२१ मध्ये, गराजमध्ये पडला त्यानंतर. आम्ही एकत्र डॉक्टरकडे गेलो, एकत्र रडलो. म्हणजे मला वाटलं, एकत्र.

अर्जावर शेवटी 'मागे घेतला' असा शिक्का आहे आणि कारणाच्या जागी त्याने लिहिलंय, आता गरज उरलेली नाही. प्रुइटचं वाक्य. ती फाइल त्याने वाचली होती, ते वाक्य त्याने तिथून उचललं. हे वाचताना ऑफिसात माझ्या मागून कोणीतरी वाचतंय असं इतकं वाटलं की मी खुर्ची फिरवून पाहिलं.

त्या वसंतात तो एकदा म्हणाला होता, मागे एक खोली काढूया का? मी भांडी लावत होते. म्हटलं, कशाला, झाडायला आणखी एक खोली? तो हसला आणि गेला. मला ते आत्तापर्यंत आठवतही नव्हतं. आता दुसरं काही आठवत नाही.

घर तापवणारा फर्नेस सुरू होताना त्याच्या श्वासाच्या मशीनसारखा आवाज येतो, त्या बंद दाराच्या बाजूने. फर्नेस आहे हे मला माहीत आहे. तरी हातातलं काम थांबतं.

तुम्हाला यातलं काही माहीत होतं का?

शरयू


फ्रिस्को
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय शरयू,

उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. ती खोली माझ्यासाठी असेल. माझे गुडघे तेव्हापासून कुरकुरत होते, जिना नको व्हायचा. ताई येऊन सहा-सहा महिने राहील, असं सत्याच्या मनात होतं. मीच नको म्हटलं असेन, म्हणून त्याने अर्ज मागे घेतला. एवढंच.

आवळ्याचं लोणचं पाठवते आहे. हिमानीने बाटली तीन पिशव्यांत बांधली आहे, तरी तेल गळेलच.

ख्रिसमसचं तिकीट काढलंस का?

शुभाताई


न्यू जर्सी
८ डिसेंबर २०२४

शुभाताई,

लोणचं पोचलं. तेल गळलं नाही.

२०२१ च्या जूनमध्ये तुम्ही आमच्याकडे तीन आठवडे होतात. वरच्या खोलीत राहिलात. जिन्यावर उर्वीशी शर्यत लावून तिला हरवलंत, त्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. तुमचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते.

अर्ज मागे घेतल्याची तारीख मी पुन्हा पाहिली. तुम्ही परत गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशीची आहे.

गेल्या रविवारी मी तुम्हाला फोन केला. तो उचलला गेला. मी हॅलो म्हटलं, ताई म्हटलं. पलीकडे तुम्ही होतात, मला तुमचा श्वास ऐकू येत होता. मग फोन ठेवला गेला. ज्यांना ऐकू येत नाही ते 'कोण आहे' म्हणून ओरडतात, ताई. ते गप्प राहत नाहीत.

माझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं असेल तर तसं लिहा. मी त्याची नीट काळजी घेतली नाही, असं वाटत असेल तर तेही लिहा. शेवटचं दीड वर्ष तो जेवणाच्या खोलीत झोपला, डायनिंग टेबल गराजमध्ये टाकून. पडदा म्हणून साडी लावली होती. न्हाणीघर वर, आणि त्याला वर नेता येत नव्हतं. मी त्याला स्पंजने पुसायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा. हे सगळं तुम्ही पाहिलंत. दोष द्यायचा तर मला द्या, पण खोटं सांगू नका.

मी ख्रिसमसला येत नाही.

शरयू


फ्रिस्को
३० जानेवारी २०२५

शरयू,

सत्याचं वर्षश्राद्ध झालं. अनीशने इथे केलं, तू तिथे केलंस. मी पानात भात वाढला आणि ठरवलं की आता लिहायचं.

मला माहीत होतं. मार्च २०२१ मध्ये रिपोर्ट आला, त्याच दिवशी त्याने मला फोन केला. तुझ्याआधी मला, कारण बाबांचा आजार मी पाहिला होता, तो तेव्हा फक्त सात वर्षांचा होता. त्याला विचारायचं होतं, पुढे काय काय होतं. मी सांगितलं. ते सगळं त्याने खोलीच्या नकाशात उतरवलं.

जूनमध्ये त्याने मला तो नकाशा दाखवला. तू तेव्हा लायब्ररीत नोकरी करायचीस, तिकडे गेली होतीस. सांगताना तो खूश होता, शरयू. दिवाळीपर्यंत छप्पर चढेल म्हणाला. मी म्हटलं, बांधू नकोस. नागपूरला बाबांसाठी मागची खोली बांधली होती, ती मला आठवली. खोली झाली त्या दिवसापासून आई तिच्यात गेली आणि कधी बाहेर आलीच नाही. आम्ही भाऊ-बहीण पुढच्या घरात वाढलो, आईविना. मी सत्याला म्हटलं, ही खोली बांधलीस की शरयू त्या दिवसापासून बायको राहणार नाही, नर्स होईल. तिला आणखी थोडे दिवस दे. सांगूसुद्धा नकोस. तुझं ते भांडी लावतानाचं वाक्य त्याने मला सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं, तेवढ्याने तो थांबला नव्हता. माझ्यामुळे थांबला.

तुला चार महिने मिळाले. त्याची किंमत त्याने जेवणाच्या खोलीत, साडीच्या पडद्यामागे मोजली. सत्या गेल्यावर तेरा दिवस मी तुझ्या घरी होते, तुझ्या डोळ्यांकडे पाहू शकले नाही. तुला वाटलं, मी तुला दोष देते आहे.

आता दुसरं. माझे कान चांगले आहेत. जीभ गेली आहे. मेपासून शब्द जड झाले, आधी र, मग स, मग सगळेच. बाबांचं पायांपासून सुरू झालं, सत्याचं हातांपासून, माझं तोंडापासून. तपासण्या झाल्या. तेच आहे. अनीश-हिमानीला माहीत आहे, तुला सांगू नका असं मीच म्हटलं. फोनवर माझा आवाज ऐकला असतास तर तुला एका शब्दात कळलं असतं. म्हणून पत्रं. त्या रविवारी तुझी 'ताई' ही हाक ऐकून मी तोंड उघडलं होतं, नुसता श्वास बाहेर आला.

अजून लिहिता येतं. येतंय तोवर हे लिहिलं.

शुभा


न्यू जर्सी
२३ फेब्रुवारी २०२५

शुभाताई,

तुमचं पत्र आलं त्याला अठरा दिवस झाले. आधी तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात मी तुम्हाला काय काय म्हटलं ते तुम्ही वाचायला नको. दुसऱ्यात मी फार चांगली होते, तेही खरं नव्हतं.

राग आहे. तो असणार. तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत की मला काय पेलेल, आणि मला विचारलं नाहीत. पण ते चार महिनेही मी आठवून पाहिले. जुलैत आम्ही केप मेच्या समुद्रकिनारी गेलो होतो. त्याने वाळूत उर्वीला गळ्यापर्यंत पुरलं होतं आणि मी इतकी हसले होते की शेजारच्या छत्रीतली बाई उठून बघायला आली. कळलं असतं तर मी हसले नसते. ते दिवस मी तुम्हाला परत देऊ शकत नाही आणि देणारही नाही. तेव्हा हिशेब इथेच थांबवू.

उर्वीचं नाव तुम्ही पत्रात कुठेही लिहिलं नाहीत. अनीशबद्दलही पुढचं लिहिलं नाहीत. मीही लिहीत नाही. पण रात्री-अपरात्री तुम्हीही तोच विचार करत असणार, हे आता मला माहीत आहे. इतके महिने मला वाटत होतं, या घरात मी एकटीच त्या विचारासोबत राहते.

आता कामाचं बोलते. मी सत्यजितचा नकाशा घेऊन नवा अर्ज केला आहे, माझ्या नावाने. बांधकाम खात्यातली मोठी क्लार्क म्हणाली, "हनी, हू इज इट फॉर?" मी म्हटलं, माझ्या नणंदेसाठी. ती म्हणाली, तिच्या नणंदेसाठी तिने कुत्र्याचं घरही बांधलं नसतं.

तुम्ही इथे यायचं आहे. कारण सांगते, आणि ते दया नाही. शेवटचे सहा महिने सत्यजितचं बोलणं डॉक्टरांना कळत नव्हतं, उर्वीला कळत नव्हतं, बोलणं ऐकून लिहिणाऱ्या त्या कम्प्युटरलाही कळत नव्हतं. मला कळायचं. ती भाषा मला येते, ताई. ती बोलायला या जगात आता मला दुसरं कोणी नाही.

रविवारी सकाळी नऊला फोन करा. घाई नाही. एका वाक्याला दहा मिनिटं लागली तरी चालतील.

शरयू


फ्रिस्को
१६ मार्च २०२५

प्रिय शरयू,

तीन रविवार झाले. पहिल्या रविवारी मी 'हिमानीने वरण करपवलं' एवढंच सांगितलं आणि ते तुला दुसऱ्या खेपेला कळलं. ती शेजारीच उभी होती, पण माझं बोलणं तिला कळत नाही, म्हणून बिनधास्त सांगितलं. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

तरी मी येऊ नये असंच वाटतं. तू एकदा केलंस. सव्वादोन वर्षं तुझी गेली, तू सत्तेचाळीसची आहेस. माझ्या आईसारखी तू त्या खोलीत शिरशील आणि मी त्याला दुसऱ्यांदा कारण होईन. इथे खालची बेडरूम आहे, बाई ठेवता येते, अनीश सगळं करायला तयार आहे. त्याने मला उचललं की मग तो स्वतःची बोटं मिटून-उघडून बघतो. तो मला पाहत नसतो, स्वतःला पाहत असतो. हे मला दिसतं. म्हणून यावंसंही वाटतं. बघ, मी अजून खरं सांगायला शिकतेच आहे.

अनीश म्हणतो, हिवाळा संपला की मामीकडे जाऊन तर बघ.

बाई मिळते का तुमच्याकडे? दिवसभराची? तू नोकरी सोडणार नसशील तरच मी विचार करेन. लेखी दे.

शुभाताई


न्यू जर्सी
२० एप्रिल २०२५

प्रिय शुभाताई,

लेखी देते. मी नोकरी सोडणार नाही. सकाळी आठ ते चार बाई येईल, तिचं नाव रेखाबेन, एडिसनहून येते, चार वर्षं एका आजोबांकडे होती. तुमच्याशी गुजरातीतच बोलणार, तिने आधीच बजावलं आहे. मंगळवारी संध्याकाळी मी गाण्याच्या क्लासला जाणार, तेव्हा मला थांबवायचं नाही. अनीश दर महिन्याला येणार आणि त्याने तुम्हाला उचलायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं.

माती काढली. पाया शंभर वर्षांनीही सरळ निघाला. इन्स्पेक्टर दोनदा वाकून पाहून गेला. भिंतींचा सांगाडा उभा राहिला आहे, अजून फक्त लाकडं आणि मधून आकाश. संध्याकाळी मी आत जाऊन उभी राहते. भीती गेली असं म्हणणार नाही. फर्नेस बंद असतानाही परवा तो आवाज आला. मी तिथेच उभी राहिले आणि ऐकला.

सुतार मेच्या सुरुवातीला खिडकी बसवणार आहे. पूर्वेची मोठी खिडकी, तिच्यातून मेपलचं झाड आणि शेजाऱ्यांचं कुंपण दिसतं. सत्यजितच्या नकाशात तिची उंची लिहायची राहिली आहे, तेवढीच एक जागा कोरी आहे. मी पुष्कळ वेळ त्या जागेकडे पाहिलं. त्याला ठरवता आलं नसेल, किंवा लिहवलं नसेल.

सुतार विचारतो आहे, खिडकी खुर्चीत बसून बाहेर दिसेल अशी हवी, की पलंगावर पडून दिसेल अशी? दोन्ही एकात होत नाही. एकदा चौकट बसली की बदलता येणार नाही.

मला चांगलं वाटावं म्हणून उत्तर देऊ नका.

तुमची,
शरयू


फ्रिस्को
२५ एप्रिल २०२५

प्रिय शरयू,

आधी 'बसून' लिहिलं होतं. ते खोडलं आहे.

पडून दिसेल अशी.

शुभा